पौंडाला बारा

नरसय्या मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत मला चाळीस नंबरचा म्हटलं होतं. ते कौतुक की टवाळी, हे कळायला मला महिना लागला.

एकोणीसशे तीस सालाआधीची ती तीन-चार वर्षं. सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत हत्यारांच्या परवान्यांचं टेबल नुकतंच माझ्याकडे आलं होतं. त्याआधी मी जमिनीच्या कागदांत होतो. बंदूक मी पाहिली होती ती पोलीस शिपायाच्या खांद्यावर, तीही जरा लांबूनच. पण परवान्याच्या टेबलावर बंदूक दिसण्याची गरज नसते, कागद दिसला की काम होतं, असं माझ्या आधीच्या कारकुनाने मला समजावलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

बंदुका दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तो दरवर्षी नवा करून घ्यायला नरसय्या मिस्त्री आले. वय पन्नाशीच्या आतबाहेर, बुटके, धोतरावर काळा कोट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी त्यांचा अर्ज वाचत होतो आणि ते माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत होते.

"तुमी चाळीस नंबर हाय," ते म्हणाले. "तुमच्या आधीचे कारकूनसाहेब सोळा नंबर व्हते."

माझ्या आधीचे कारकून चांगले गलेलठ्ठ होते. चाळीस मोठा आकडा, म्हणून मी खूष झालो. पुढे एकदा त्यांच्या दुकानात बसलो असताना त्यांच्या बायकोने, राजव्वाने, हसत हसत उलगडा केला. गिरणीत सुताला नंबर असतो. एका पौंडात सुताच्या जितक्या लड्या बसतात तितका नंबर. सूत जाड असलं तर थोड्या लड्या, बारीक असलं तर जास्त. आकडा वाढत जातो तसं सूत बारीक होत जातं. थोडक्यात, मिस्त्रींनी मला काडीपैलवान म्हटलं होतं.

"मला काय म्हन्तेत माहीत हाय का?" राजव्वा विड्या वळता वळता म्हणाली. "धा नंबर."

त्यांचं घराणं विणकरांचं. वडील तेलंगणातून हातमाग घेऊन सोलापुरात आले आणि साखर पेठेत राहिले. घरात बोलणं तेलुगू, गल्लीत मराठी, गिऱ्हाइकाशी लागलं तर दखनी. नरसय्या मात्र मागावर बसले नाहीत. तरुणपणीच गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि सूत कातणाऱ्या चात्यांचे दांडे घासता घासता इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत जाऊन पोचले. गिरणीच्या गोऱ्या इंजिनियरच्या बंदुकीची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, एकदा मोडली. विलायतेहून नवी यायला चार महिने लागले असते. नरसय्यांनी चार दिवसांत घडवून दिली. मग दुसऱ्या साहेबाची बंदूक आली, मग तिसऱ्याची. शेवटी त्यांनी गिरणी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. बंदूक कशी चालवतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण उभ्या आयुष्यात त्यांनी एका चिमणीवरही ती झाडली नाही. त्यांना हवं असे ते माप. आणि मापापेक्षाही, त्या मापाचं नाव.

मी त्यांना एकदा अगदी बावळट प्रश्न विचारला होता. "मिस्त्री, बारा बोर म्हणजे किती इंच?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पत्र्याचा एक डबा उघडून शिशाचे गोळे माझ्यापुढे ओळीने मांडले. प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान.

"इंच न्हाई. ह्यो बघा, बाराचा गोळा. असे बारा गोळे केले की एक पौंड शिसं संपतं. पौंडाला बारा. ह्यो ज्या नळीत बरोबर जाईल ती बारा बोरची. आता ह्यो सोळाचा. पौंडाला सोळा. ह्यो विसाचा. तुमचं चाळीस नंबर, तसंच की."

"म्हणजे आकडा मोठा तितकी नळी बारीक?"

"व्हय. पूर्वी तोफांचं नाव गोळ्याच्या वजनावरनं ठेवत, तीच रीत बंदुकीत आली. मापपट्ट्या धड नव्हत्या तेव्हा. तराजू मात्र सगळीकडं होता."

मग डब्याच्या कोपऱ्यातून वाटाण्यापेक्षा थोडा मोठा असा एक गोळा त्यांनी काढला. "ह्यो चारशे दहा. ह्यो मात्र इंचातला. इंचाचे हजार भाग केले तर चारशे दहा. पौंडाच्या हिशेबानं बघितलं तर ह्येचा नंबर सदुसष्ट येतो. एकाच घरात राहून वेगळ्या चुलीवर जेवणारं हाय."

अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो मी पुढे फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला.

बंदुकीच्या बारा-सोळाचं मला कळलं, पण रायफलींची नावं म्हणजे जंगल होतं. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे मोजायचं कुठून, खाचेच्या तळापासून की दोन खाचांमधल्या उंचवट्यावरून, हाच पहिला वाद. "तीनशे तीन" हे नाव उंचवट्यावरून मोजलेलं, आत जाणारी गोळी तीनशे अकराची, असं मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग नाव खोटं झालं की."

"खोटं न्हाई. कुटनं मोजलं ते विचारायचं असतं. गोळी अंगानं जरा भरलेली पायजे, तरच ती पिळाला धरून फिरते. नाव ऐकलं की लगेच इश्वास टाकायचा न्हाई आणि लगेच खोटंबी म्हनायचं न्हाई. कुनी ठेवलं, कशावरनं ठेवलं, ते विचारायचं."

दक्षिणेकडच्या एका लहानशा संस्थानाचे सरदार एकदा मोटार घेऊन त्यांच्या गल्लीत आले. मी योगायोगाने तिथे होतो. सरदारांची भारी दुनळी रायफल होती आणि विलायतेहून काडतुसांच्या नव्या पेट्या आल्या होत्या. काडतूस आत घातलं की रायफल मिटत नव्हती. दुसऱ्या गावच्या एका कारागिराने सांगितलं होतं की नळीतलं काडतुसाचं घर थोडं कोरून मोठं केलं की बसेल. सरदारांना ते काम त्याच दिवशी करून हवं होतं, कारण दोन दिवसांनी शिकारीला निघायचं होतं.

मिस्त्रींनी काडतुसाच्या बुडावरचे आकडे वाचले. मग गंधकात काजळी घालून ती वितळवली, नळीच्या मागच्या तोंडात ओतली, गार होऊ दिली आणि तो साचा अलगद बाहेर काढला. नळीच्या आतलं घर जसंच्या तसं त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी मायक्रोमीटर लावून चार ठिकाणी मोजलं. या सगळ्यात तास-दीड तास गेला. सरदार दोनदा उठून मोटारीपर्यंत जाऊन आले.

"सरकार, घर कोरायचं न्हाई. काडतूस तुमचं न्हाई."

सरदार तापले. "पेटीवर साडेचारशे-चारशे लिहिलंय. रायफलीवर तेच लिहिलंय. नाव एक आहे."

"माझं नाव नरसय्या," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "ह्या गल्लीत पाच नरसय्या हायत. म्हनून आमी बापाचं नाव लावतो. हितं चारशे म्हंजे गोळीचं माप, ते स्वताचं नाव. साडेचारशे म्हंजे ज्या जुन्या काडतुसाचं तोंड आवळून ह्ये केलं ते, बापाचं नाव. पन त्या बापाची दोन-तीन लेकरं हायत, आखूड हाय, लांब हाय. म्हनून तिसरं नाव लागतं, लांबीचं. तुमची रायफल आखूड काडतुसाची. ह्ये लांब हाय, आणि त्यात दारूबी जास्त. घर कोरून बसवलं असतं, तर पयल्या बारालाच नळी फुटून तुमच्या तोंडावर आली असती."

सरदारांनी काडतूस हातात घेऊन उलटसुलट केलं. शिकार पुढे ढकलली गेली. महिन्याभराने त्यांचा कारभारी भलीमोठी पगडी घालून मिस्त्रींच्या दारात आला आणि धोतरजोडी ठेवून गेला. मिस्त्रींनी त्या माणसाला बसवून घेतलं आणि आखूड व लांब काडतुसातला फरक त्यालाही समजावून सांगितला. बिचारा पाऊण तास ऐकत होता.

जर्मन काडतुसं त्यांना विशेष आवडत. "सात गुनिले सत्तावन. सात मिलिमीटर रुंदी, सत्तावन मिलिमीटर काडतुसाच्या खोळीची लांबी. नाव ऐकलं की माप हातात. त्येच काडतूस इंग्रज लोक दोनशे पंच्याहत्तर म्हनत्यात. लगीन झालेल्या बाईसारखं. म्हायेरी एक नाव, सासरी एक. बाई तीच."

राजव्वा आतून म्हणाली, "म्हायेरचं नाव इचारलंय का कदी माजं?"

मिस्त्री माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लक्ष्मी."

मी हे सगळं कौतुकाने ऐकत असे आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन माझं काम जुन्याच पद्धतीने करत असे. ते आता सांगितलं पाहिजे.

सांगोल्याकडच्या एका वाडीत बिरू नावाचा धनगर होता. दीड-दोनशे मेंढरं. लांडग्यांच्या भीतीने त्याच्या बापाने दुनळी बंदुकीचा परवाना काढला होता, तो पुढे बिरूच्या नावावर झाला. ती बंदूक एकदा दुरुस्तीला मिस्त्रींकडे आली. नंतर मिस्त्री कचेरीत मला म्हणाले, "ह्या परवान्यावर बारा बोर लिवलंय. बंदूक सोळाची हाय. तेवढं दुरुस्त करा."

तेव्हा कुठलीही छऱ्याची बंदूक म्हणजे लोकांच्या तोंडी बारा बोरच असे. मी म्हटलं, "नव्या वर्षाचा परवाना लिहीन तेव्हा करतो."

नवं वर्ष आलं. जुना परवाना समोर ठेवून मी नवा लिहिला. बारा बोर.

त्यानंतर काही महिन्यांनी बिरूच्या शेजारच्या गावचा एक बागाईतदार आपल्याच शेतात मरून पडलेला सापडला. मेंढरं पिकात शिरली म्हणून आठवड्याआधी बिरूचं आणि त्याचं भांडण झालं होतं, चार माणसांदेखत. प्रेतातून शिशाची एकच गोळी निघाली. बिरूकडे बंदूक होती. जमादार तपासाला गेला, बंदूक जप्त केली, परवाना पाहिला. एवढी मोठी गोळी बारा बोरचीच, आणि परवान्यावरही बारा बोर. शिवाय पंचांसमोर ती गोळी बिरूच्या बंदुकीच्या नळीत सोडून दाखवली. ती सुळकन आत गेली. बिरूचं म्हणणं होतं की त्याच्याकडची काडतुसं संपून सहा महिने झाले होते. ते कोण ऐकणार? खटला सेशन कोर्टात उभा राहिला, आणि त्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती.

बिरूची आई सोलापुरात आली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वकिलाकडून ती मिस्त्रींच्या दुकानात गेली आणि तिथून मिस्त्री तिला घेऊन माझ्याकडे आले. ती जमिनीवरच बसली.

"ह्या बाबानं बंदूक निट केली तवा म्हनला व्हता, आजे, तुजी बंदूक बारकी हाय. माज्या ध्येनात हाय त्ये," ती म्हणाली. "आन आता समदी म्हन्त्यात मोटी हाय. बंदूक काय वाडती व्हय, साहेब?"

मला तिच्याकडे बघवेना. मिस्त्रींनी मला फक्त बंदुकीचा कारखान्याचा नंबर विचारला आणि कागदावर टिपून घेतला.

मिस्त्री बचावाकडून साक्ष देणार ही बातमी दोन दिवसांत पसरली. आमचे चिटणीस माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "त्या मिस्त्रीचा परवान्याचा अर्ज आलाय ना? जरा खाली ठेवा. पोलिसांचं त्याच्याबद्दल काही म्हणणं येणार आहे." आवाजात काहीच नव्हतं, जणू खिडकी लावून घ्या म्हणावं तसं.

मी संध्याकाळी साखर पेठेत गेलो आणि मिस्त्रींना ते सांगितलं. परवाना गेला तर दुकान गेलं. गिरणीत आता या वयात कोण घेणार?

मिस्त्री कानशीने काहीतरी घासत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "माझ्याकडं दोनच गोष्टी हायत, भाऊसाहेब. हात हाय आणि नंबर हाय. नंबर म्हायती असून बोललो न्हाई, तर मग हातानं काय करू?"

राजव्वा दारात विडीची पानं कापत होती. पानं एकसारखी कापावीत म्हणून मिस्त्रींनी तिला पत्र्याचा साचा करून दिला होता. ती मान वर न करता म्हणाली, "दुकान बंद झालं तर विड्या वळतील. शिकवीन मी. पानाचं माप त्यांना येतंच की."

मी परत निघालो तेव्हा मिस्त्री दारापर्यंत आले. मला वाटलं आता तरी ते माझ्या चुकीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "साक्षीला काळा कोट चालेल का? वकील लोकांचा असतो तसा वाटंल."

खटल्याच्या दिवशी कोर्टाची खोली भरली होती. तेव्हा सेशन जज्जांच्या मदतीला गावातली प्रतिष्ठित माणसं असेसर म्हणून बसत आणि आपलं मत देत. त्यांत एक सुताचे व्यापारी होते, एक पेन्शनर मास्तर, आणखी दोघे. परवान्याचे कागद घेऊन मला हजर राहावं लागलं होतं. बिरू पिंजऱ्यात उभा होता. त्याची आई दाराशी.

सरकारी वकिलांनी मिस्त्रींना पहिलाच प्रश्न विचारला, "इंग्रजी येतं का तुम्हाला?"

"आकडे येतात, साहेब."

खोलीत थोडं हसू झालं. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी जज्जसाहेबांची परवानगी घेऊन बंदूक हातात घेतली, नळीखालचा लाकडी भाग काढला, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या आणि उलट्या करून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. मिटलेल्या बंदुकीत कधीच दिसत नाही अशा जागी, नळीच्या पोटाला, बारीक ठशात आकडा होता. सोळा.

जज्जसाहेबांनी भिंग मागवून पाहिलं. मग परवाना पाहिला. "इथे बारा लिहिलंय. कोणी लिहिलं?"

मी उभा राहिलो. "मी, साहेब. जुन्या परवान्यावरून नक्कल केली. बंदूक पाहिली नाही. मिस्त्रींनी चूक आधी सांगितली होती, मी दुरुस्त केली नाही."

माझ्या नोकरीच्या पुस्तकात त्या दिवसाचा शेरा शेवटपर्यंत राहिला. तो मी कधी पुसायला गेलो नाही.

सरकारी वकील हुशार होते. ते म्हणाले, "बंदूक सोळाची असू दे. गोळी याच नळीत गेली, पंचांनी डोळ्यांनी पाहिलं. आता पुन्हा सोडून पाहा."

गोळी पुढे आणली. हाडांमधून घासत गेल्याने ती चहूबाजूंनी दबून खारकेसारखी लांबट झाली होती. मिस्त्रींनी ती स्वतः नळीत सोडली. सुळकन गेली. खोलीत कुजबुज झाली. बिरूच्या आईने दाराची चौकट धरली.

"आता जाती, साहेब," मिस्त्री म्हणाले. "पन झाडली तेव्हा ती गोल व्हती. आकार बदलला. वजन कुटं गेलं न्हाई. मला तराजू पायजे."

बचावाच्या वकिलांनी सराफाचा तराजू आणून ठेवलाच होता. मिस्त्रींनी त्यावर गोळी ठेवली आणि कोर्टाच्या शिरस्तेदारांनीच वजनं घालावीत म्हणून ते बाजूला झाले. तीन तोळ्यांना किंचित कमी भरली.

मग त्यांनी डब्यातला सोळाचा गोळा काढला, जो त्या नळीत बरोबर बसतो तो. तो अडीच तोळेसुद्धा भरला नाही.

"सोळाच्या नळीतनं ह्येच्यापेक्षा जड गोल गोळा जाऊच शकत न्हाई," ते म्हणाले. "ही गोळी बारा बोरची. बाराचा पुरा गोळा सव्वातीन तोळे भरतो, पन नळीत अडकू नये म्हनून अंमळ लहान ओतत्यात, तेवढीच कमी हाय."

सुताचे व्यापारी खुर्चीत पुढे सरकले. "मिस्त्री, म्हणजे हे सुताच्या नंबरासारखं? पौंडात किती बसतात त्यावर नाव?"

"व्हय शेटजी. तुमी जाड सूत बारीक म्हनून इकलं, तर लडी पिळून बारीक दाखवता येईल. तराजूत घातलं की कळतं."

शेटजींनी मान डोलावली आणि शेजारच्या मास्तरांच्या कानाला लागले. त्या क्षणी मला वाटलं, की हा खटला दुसऱ्या कुठल्या गावात चालला असता, तर एवढं चटकन कोणाला समजलं असतं? सोलापूर होतं म्हणून समजलं. या गावात वजनावरून बारीक-जाड ओळखणारी माणसं गल्लोगल्ली होती.

"आणि गोळी मुळातच लांबट ओतलेली असली तर?" सरकारी वकिलांनी शेवटचा घाव घातला. "लांब असली तर बारीक असूनही जड भरेल."

प्रश्न बिनतोड होता. मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली. "बरोबर इचारलं, साहेब." मग त्यांनी गोळी चिमट्यात धरून भिंगाखाली आणली. "ह्या चारी बाजू दबल्यात, ह्येच्यावर हाडाचे ओरखडे हायत. ह्या दोन टोकांवर एकबी ओरखडा न्हाई. साच्याची शिवण हितं अजून शाबूत हाय, आणि टोकाची गोलाई बघा." त्यांनी पितळेची एक चकती काढली, तिच्या कडेला कोरलेल्या अर्धगोलात गोळीचं टोक टेकवलं. ते तंतोतंत बसलं. चकतीवर मोजमाप होतं ते बारासाठी ओतायच्या गोळ्याचं. सोळाच्या अर्धगोलात तेच टोक वर उचललं जात होतं. "ही गोल जन्मली, साहेब. लांब मागनं झाली."

सरकारी वकील खाली बसले. बसताना त्यांनी मिस्त्रींकडे पाहून किंचित मान लववली, हेही मी पाहिलं.

चारही असेसरांनी बिरूला निर्दोष म्हटलं आणि जज्जसाहेबांनी त्याला सोडलं. पुढे तपास पुन्हा सुरू झाला. मयताच्या चुलतभावाच्या विहिरीतून बिनपरवान्याची बारा बोर बंदूक निघाली, आणि जमिनीच्या वाटणीचा जुना तंटाही तिच्याबरोबर वर आला.

बिरूच्या आईने मिस्त्रींच्या दुकानात येऊन घोंगडी अंथरली. तिच्या हातची, काळ्या लोकरीची. "बस, बाबा, हिच्यावर," ती म्हणाली. मिस्त्री संकोचले. राजव्वाने दंडाला धरून त्यांना बसवलं.

निकालपत्रात मिस्त्रींच्या साक्षीबद्दल जज्जसाहेबांनी एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता. बचावाचे वकील तो घेऊन दुकानात आले आणि मराठीत सांगू लागले, की असा चोख आणि निर्भीड साक्षीदार विरळा, असं साहेबांनी लिहिलंय. गल्लीतली माणसं गोळा झाली. पलीकडच्या मागावरचा विणकर काम टाकून आला. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं नाव कसं लिवलंय?"

वकिलांनी पाहिलं. नरसिंग मिस्त्री असं पडलं होतं.

"मग ते माझं न्हाई," मिस्त्री म्हणाले. त्यांनी दुसऱ्या दिवशी कोर्टात रीतसर अर्ज दिला. नाव दुरुस्त होऊन प्रत हातात येईपर्यंत त्यांनी ती कोणालाही दाखवली नाही. आली तेव्हा मात्र काचेच्या चौकटीत घालून दुकानात लावली आणि दोन महिने येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावली. त्यांना गर्व झाला होता, आणि तो लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्या गल्लीत तेव्हा मान ताठ करून चालणारा मीही एक होतो, आणि माझा तर त्यात दोषाशिवाय कसलाच वाटा नव्हता.

त्यांचा अर्ज मी गठ्ठ्याच्या वर ठेवला. चिटणीसांनी पाहिलं आणि पुढे पाठवला. परवाना मिळाला.

त्यानंतर परवान्यासाठी आलेली प्रत्येक बंदूक मी कचेरीत आणायला लावत असे. नळ्या उतरवून, उलट्या करून, आकडा वाचून मगच लिहीत असे. लोक कुरकुरत. एका वर्षात एकवीस परवान्यांवरचे आकडे बदलले.

पुढे माझी विजापूरला बदली झाली. निघायच्या सकाळी सामान टांग्यात घालून मी स्टेशनकडे चाललो होतो. वाट पोलिसांच्या कवायतीच्या मैदानावरून जात होती. कडेच्या कडुनिंबाखाली एक टेबल मांडलेलं होतं, त्यावर तराजू, नळ्या, काडतुसांच्या रिकाम्या खोळी. भोवती वीसएक पोलीस. सगळ्यांत पुढे तोच जमादार होता, ज्याने बिरूची बंदूक जप्त केली होती. त्याच्या हातात पाटी होती आणि मोठ्या मिशांखाली ओठ हलत होते, आकडे पाठ करत असावा.

टेबलाच्या पलीकडे काळ्या कोटात मिस्त्री उभे होते. पोलिसांचे मोठे साहेब स्वतः दुकानात येऊन त्यांना शिकवायला बोलावून गेले होते, हे मी ऐकलं होतं, पण पाहत होतो ते पहिल्यांदाच. मी टांगा थांबवायला सांगितलं. हाक मारावी असं वाटलं, पण ते बोलत होते.

"मास्तर, हे कुठून मोजायचं?" जमादाराने विचारलं.

मिस्त्रींनी उत्तर फार हळू आवाजात दिलं. त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. मला ऐकू आलं नाही. ऐकू यावं म्हणून ती सगळी उंच, धिप्पाड माणसं कमरेतून वाकली. टांगेवाल्याने लगाम झटकला. मैदान वळणाआड जाईपर्यंत मी मागे बघत होतो. वीस माणसं वाकलेली होती आणि एक बुटका माणूस ताठ उभा होता.